सरळ कडांची चार कार्डं

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळी पाच अंश, ऊन नाही. कचऱ्याचं निळं बिन बाहेर ठेवलं. दहा वाजता यमुनाला आय क्लिनिकला नेलं. डाव्या डोळ्यातलं इंजेक्शनही आता थांबवणार, उपयोग होत नाही म्हणाले. उजव्याचं मागेच थांबलं आहे. परत येताना बस वीस मिनिटं उशिरा. राजीवचा फोन आला. २९ तारखेला, शनिवारी, तो आईला कायमची इल्फर्डला न्यायला येणार. यमुनाने कार्डांचा डबा माझ्याकडे ठेवायला दिला. राजीवच्या घरी न्यायचा नाही म्हणते. मुगाची खिचडी केली. गुडघ्यांना तेल लावलं.

डायरीत एवढंच आहे. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला सांगायच्या की रोजनिशीत घडलेलं लिहावं, वाटलेलं लिहू नये. वाटलेलं कबुलीजबाबासाठी ठेवावं. आम्हा हिंदू मुलींना कबुलीजबाबाला जायचं नसे, त्यामुळे वाटलेलं तसंच राहून जाई. नागपूरच्या त्या कॉन्व्हेंटमधून बाहेर पडून मला साठाहून जास्त वर्षं झाली, पण सवय गेली नाही. रोज अर्धं पान, शेवटी घरातलं एखादं काम, की दिवस मिटला.

त्या मंगळवारी मात्र दिवस मिटेना. डबा जेवणाच्या टेबलावर होता आणि मी त्याच्यासमोर बसून खिचडी खाल्ली. त्यातल्या ज्या चार कार्डांमुळे यमुना तो डबा मुलाच्या घरी न्यायला तयार नव्हती, ती कार्डं राजीवने कापलेली नव्हती. मी कापली होती. बेचाळीस वर्षं तिने त्याचा दोष मुलाला दिला आणि बेचाळीस वर्षं मी गप्प राहिले. आता ती त्याच्या घरी राहायला जाणार होती, आणि बोलायला माझ्याकडे अठरा दिवस उरले होते.

यमुना तळपदे मूळची गिरगावातली. १९६९ साली ती नवऱ्यामागून, गिरीशमागून, इथे लंडनला आली. मी चार वर्षांनी आले. पिनरमध्ये आमच्या घरांच्या मागच्या बागा एकमेकींना लागून आहेत, मध्ये एक लाकडी कुंपण. त्याची एक फळी कित्येक वर्षं सैल आहे आणि ती दोन्हीकडच्या नवऱ्यांनी दुरुस्त केली नाही, कारण आम्हा दोघींना तीच सोयीची होती. आता दोघेही नवरे नाहीत. फळी तशीच आहे. फक्त आम्हाला वाकून जाता येत नाही.

तिने सव्वीस वर्षं हॅरोजवळच्या फोटोच्या कागदाच्या कारखान्यात काम केलं. त्यातली पहिली चौदा वर्षं काळोखात. फोटोच्या कागदाला उजेड चालत नाही, म्हणून पॅकिंग पूर्ण अंधारात व्हायचं. कागद बोटांनी मोजायचा, कडा जुळवायच्या, काळ्या पाकिटात घालायचा. एखादा ताव केसभर मोठा असला तरी तिच्या बोटाला कळत असे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली की दोन मिनिटं भिंतीला धरून उभी राहायची, डोळे मिचकावत. आता क्लिनिकच्या दारातून बाहेर पडताना तशीच उभी राहते. त्या दिवशी मी तिला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तेव्हा पगार तरी मिळायचा."

अंधारात तिच्या शेजारच्या टेबलावर डोरीन नावाची बाई होती. तीन आठवडे दोघींची ओळख फक्त आवाजाने. यमुनाला वाटे ही चांगली उंच, धिप्पाड बाई असणार. कँटीनमध्ये पहिल्यांदा समोर आली तेव्हा ती यमुनाच्या खांद्याएवढी निघाली. दोघी मग बारा वर्षं एकत्र डबा खात होत्या. डोरीनचे वडील अमेरिकन सैनिक. लढाईच्या दिवसांत इथे होते, ४४ साली फ्रान्सला गेले आणि परत आले नाहीत. मेले की घरी गेले, हे डोरीनला कधी कळलं नाही. तिच्या आईने दुसरं लग्न केलं. वडिलांचा म्हणून एक टॉफीचा पत्र्याचा डबा तेवढा उरला होता, आणि तो कोळशाच्या खोलीत पडून असायचा. डोरीन समुद्राकाठी राहायला निघाली तेव्हा तिने तो यमुनाला दिला. मी हे घेऊन काय करू, तुझ्या बोटांना यातलं कळेल, असं म्हणाली म्हणे.

डब्यात बेसबॉल खेळाडूंची अठ्ठावीस कार्डं होती.

यमुनाने तोवर बेसबॉलचा खेळ पाहिला नव्हता, आणि नंतरही एकदाच टीव्हीवर पाहिला, तेव्हाही झोपून गेली. माझे यजमान विनय तिची फार थट्टा करायचे. वहिनी, यात विकेट कुठे दिसत नाही, असं एकदा म्हणाले. "विकेट नाही भावजी, म्हणून तर त्यांचं काम पाच दिवस चालत नाही," असं तिने कपबशी न ठेवता सांगितलं. विनयना क्रिकेट म्हणजे देव. पण ते हसले.

ती कार्डं म्हणजे नेहमीची, सगळे शोधतात तशी नव्हती. ज्यांना या छंदातलं कळतं ते सिगारेटच्या पाकिटातल्या किंवा च्युइंगगमबरोबरच्या कार्डांमागे असतात, आणि त्यातही मोठ्या खेळाडूंच्या. ही पट्टीची कार्डं होती. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत कोपऱ्यावरच्या दुकानात अशा कागदाच्या लांब पट्ट्या मिळत. एका पट्टीवर ओळीने खेळाडू छापलेले. पोरांनी पट्टी घ्यायची आणि घरी जाऊन कात्रीने एकेक माणूस सुटा करायचा. कागद हलका, छपाई त्याहून हलकी. ओठांचा लाल रंग गालावर गेलेला. दोन वेगळ्या नावांच्या माणसांना एकच चेहरा दिलेला. कित्येक वर्षं संग्राहक या कार्डांना हात लावत नसत. तरी थोडे लोक असतात ज्यांना हीच आवडतात, आणि यमुना त्यातली निघाली. तिच्या अठ्ठावीस जणांत एकही प्रसिद्ध नव्हता. कोणी एक मोसम खेळलेला, कोणी अकरा सामने. तिला ते बरं वाटे. मोठ्या माणसांकडे बघायला सगळं जग आहे, ती म्हणायची.

ती दर गुरुवारी लायब्ररीत जायची आणि अमेरिकेतल्या गावांच्या लायब्रऱ्यांना पत्रं लिहायची. इंग्रजी माझ्याकडून तपासून घ्यायची. मी स्वल्पविराम घातले की म्हणायची, "मदर, पुरे. त्यांना वाटेल नन लिहिते आहे." मला ती मदर म्हणते, कॉन्व्हेंटमुळे. बावन्न वर्षांत माझं नाव तिने दहा वेळा घेतलं असेल. त्या पत्रांना कधी उत्तर येई, कधी नाही. एका पिचरचं, म्हणजे बॉलरचं, कळलं की त्याने सात सामन्यांनंतर खेळ सोडून जनावरांच्या चाऱ्याचं दुकान काढलं. त्याच्या नातीने स्वतः पत्र लिहिलं, की आमच्या घरी आजोबांचा खेळाच्या कपड्यातला एकही फोटो नाही. यमुनाने तिला फोटोकॉपी पाठवावी असं मी सुचवलं. तिने कार्डच पाठवून दिलं. मग सत्तावीस राहिली.

या कार्डांचं खरं वैशिष्ट्य त्यांच्या कडा. पोराने हाताने कापलेल्या, त्यामुळे दोन कार्डं सारखी नाहीत. एक वर रुंद, खाली निमुळतं. एकाच्या कोपऱ्यात कात्री चुकून आत गेलेली. एकाच्या उजव्या कडेला पट्टीवरच्या शेजारच्या खेळाडूचं कोपर राहून गेलेलं. यमुनाने कडांवरून बोटं फिरवून एके दिवशी मला सांगितलं की हा मुलगा डावखुरा होता, कारण कात्री प्रत्येक वेळी एकाच बाजूला कलते. आणि वर्षागणिक त्याचा हात सुधारत गेला होता. डोरीनला तिने हे फोनवर कळवलं. डोरीनला वडिलांबद्दल माहीत असलेली ती दुसरी गोष्ट. पहिली त्यांचं नाव.

हे सगळं यमुनाला कळलं ते मी कार्डं कापल्यानंतर. एवढं तरी मी स्वतःच्या बाजूने सांगते, पण त्याने काही फरक पडत नाही.

जानेवारी १९८३. गिरीशचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि यमुना रोज हॉस्पिटलात. राजीव तेरा वर्षांचा, शाळेतून येऊन स्वतःच्या हाताने टोस्ट करून खायचा. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. मी जाऊन भांडी घासून यायची, जेवणाचा डबा ठेवून यायची. त्याच सुमारास आम्ही मंडळात रविवारची मराठी शाळा सुरू केली होती आणि मुळाक्षरांची कार्डं कापायला मी पातं असलेलं कागद कापायचं यंत्र आणलं होतं. सिस्टर बेनेडिक्टांच्या वर्गात कड सरळ नसेल तर भरतकाम उसवून परत करावं लागे. मला वाकडी कड बघवत नाही, अजूनही. बिचारी एवढी दमते आहे, तिची ही कार्डं नीट करून एका छानशा अल्बममध्ये लावून द्यावी, असं माझ्या मनात आलं. शनिवारी दुपारी मी कार्डांचा डबा घरी आणला आणि चार कार्डं सरळ केली. ते कोपरही काढून टाकलं. मला ते कोपर घाण राहिल्यासारखं वाटलं होतं. मग विनयनी चहाला हाक मारली, आणि बाकीची उद्या करू म्हणून मी डबा परत तिच्या कपाटात ठेवला.

रविवारी गिरीशला ताप चढला आणि कार्डं राहून गेली. सोमवारी यमुनाने फोनवर सांगितलं की राजीवने डब्यातली कार्डं कापली, विचारलं तर नाही म्हणतो, म्हणून मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. ती रडत होती. मी तिला रडताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, अगं, असू दे, लहान आहे. खरं सांगायची तीच वेळ होती. तेव्हा वाटलं, गिरीश बरा होऊन घरी येऊ दे, मग सांगू. तो तीन आठवड्यांनी आला. तोवर ती गोष्ट त्या घरात पक्की होऊन बसली होती.

नंतर राजीवला डब्याला हात लावायची बंदी होती. त्याने कधी लावलाही नाही. शाळेत त्याला बक्षीस मिळालं तरी, परीक्षेत पहिला आला तरी, यमुनाच्या बोलण्यात कुठेतरी 'पण खोटं बोलतो' हे असायचंच. मुलगा हसरा होता, तो हळूहळू कमी बोलायला लागला. नोकरी लागल्यावर त्याने घर घेतलं ते इल्फर्डला. पिनरहून इल्फर्ड म्हणजे लंडनच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. इथे जवळ स्टॅनमोरला चांगली घरं मिळत असताना. लोक म्हणाले, सुनेचं, अक्षयाचं माहेर तिकडे आहे. तेही खरंच होतं. पण मला माझं कारण माहीत होतं. दिवाळीला तो यायचा, पाया पडायचा, कपाटाकडे पाठ करून बसायचा.

साधारण १९९१ साली मी आणि यमुना एका हॉलमध्ये भरलेल्या कार्डांच्या मेळाव्याला गेलो होतो. तिथे या पट्टीच्या कार्डांत रस असलेला एक म्हातारा इंग्रज भेटला. त्याने सत्तावीस कार्डं एकेक करून भिंगाखाली बघितली, आणि चार बाजूला काढली. ही अलीकडे कोणीतरी यंत्राने कापलीत, तो म्हणाला. वाईट झालं. त्या मुलाचा हात गेला यातून. त्याने असंच म्हटलं. यमुना माझ्या शेजारी उभी होती. तिने सांगितलं, माझ्या मुलाने, लहान असताना. मी माझ्या चहात साखर ढवळत होते, आणि मी साखर घेत नाही.

असं सगळं. आणि आता मार्च महिना, आणि डबा माझ्या टेबलावर.

मी रोज ठरवायची, आज. बुधवारी तिच्याकडे चॅरिटीची माणसं कपाट न्यायला आली. शुक्रवारी मला दम लागला होता. एकदा तर मी तिच्या दारापर्यंत जाऊन, आतून रेडिओ ऐकू आला म्हणून परत आले. या वयात माणूस धैर्यामुळे नाही, तर दमून गेल्यामुळे खरं बोलतो, असं मला वाटायला लागलं आहे. गुरुवारी, २७ तारखेला, मी माळ्यावरून १९८३ ची डायरी काढून घेतली. शिडी चढायला मला अर्धा तास लागला. डबा आणि डायरी पिशवीत घातली आणि पुढच्या रस्त्याने वळसा घालून तिच्याकडे गेले.

ती स्वयंपाकघरात बसली होती. घर जवळजवळ रिकामं. भिंतीवर जिथे कॅलेंडर असायचं तिथे पांढरा चौकोन. मी डबा टेबलावर ठेवला तर तिने आवाजावरून ओळखला आणि लगेच उघडला. एकेक कार्ड काढून कडांवरून अंगठा फिरवायची, नाव सांगायची आणि मेणकापडावर ओळीत ठेवायची. डोळे खिडकीकडे. हा शेतकरी. हा दातांचा डॉक्टर झाला. हा लढाईत गेला. तेवीस नावं तिने न चुकता सांगितली. उरलेली चार तिने हातात घेतली, कडा चाचपल्या, उलटीपालटी केली, आणि चौघांनाही पालथं घालून बाजूला ठेवलं.

"ही चार मला आता लागत नाहीत," ती म्हणाली. "दिसत होतं तोवर चेहऱ्यावरून ओळखत होते."

हे माझ्या मनात आलं नव्हतं. दृष्टी गेल्यावर तिच्याकडे उरल्या त्या कडाच, आणि चार जणांच्या कडा मी काढून घेतल्या होत्या. त्यापुढे मला प्रस्तावना करता येईना. मी डायरी काढली.

"काय वाजतंय ते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, त्र्याऐंशी सालची डायरी आहे. तिने हात मांडीवर ठेवले.

"वाच. मला काही दिसायचं नाही."

मी वाचलं. शनिवार, २९ जानेवारी. थंडी. गिरीशला पेज नेली. यमुनाकडची चार कार्डं सरळ केली. बाकी उद्या. दूधवाल्याला जास्तीची बाटली सांगितली.

 बाहेर कोणाची तरी व्हॅन रिव्हर्स घेताना वाजत होती.

"सोमवारचं वाच," ती म्हणाली.

मला ते वाचायचं नव्हतं. पण वाचलं. सोमवार, ३१ जानेवारी. यमुनाने राजीवला मारल्याचं फोनवर कळलं. वाईट वाटलं. उद्या मंगळवार, साबुदाणा भिजवला.

"साबुदाणा भिजवलास," यमुना म्हणाली. आणि ती हसली. खूप वेळ, आवाज न करता, खांदे हलवत. मग पदराने डोळे पुसले, आणि मला कळेना की ते पाणी हसण्याचं होतं की रडण्याचं.

मी म्हणाले की मला माफ कर असं म्हणण्याचाही मला अधिकार नाही.

"ते इंग्रजीत म्हण, इंग्रजीत बरं वाटेल," ती म्हणाली. थोड्या वेळाने साध्या आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं गं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

तिने चारातलं एक कार्ड उचललं आणि त्याची कड माझ्या बोटावर ठेवली. कारखान्यात दिवसाला हजार कडा तिच्या हाताखालून जात. कात्रीची कड आणि पात्याची कड वेगळी लागते, ती म्हणाली. पात्याची कड एका अंगाला किंचित दबते. राजीवला मारल्यावर आठवड्याने मराठी शाळेतली मुळाक्षरं तिच्या हातात आली, मी दिलेली, रविवारी वर्ग तिला घ्यायचा होता म्हणून. 'अ'च्या कडेवर तिचं बोट गेलं आणि तिला कळलं.

"मग त्याला का बोलत राहिलीस?" मी विचारलं. मला राग आला होता, आणि तो यायचं मला काही कारण नव्हतं.

"मारून झालं होतं. मारलेलं परत कसं घेणार? आणि तू रोज हॉस्पिटलात डबा घेऊन येत होतीस. म्हटलं, ही आज बोलेल, उद्या बोलेल. तू बोललीस की मी त्याला जवळ घेणार होते." ती थांबली. "मग तू बोलली नाहीस आणि मी पण नाही. पोराला काय, जाईल विसरून, असं वाटलं. तो माझा होता ना. तू काय, कुंपणापलीकडची."

मी म्हटलं, मेळाव्यात त्या म्हाताऱ्याला तू सांगितलंस, माझ्या मुलाने.

"तुझ्याकडे बघून सांगितलं. तू चहा ढवळत होतीस."

 भांडण करायला अंगात त्राण लागतं. तिने कार्डं गोळा केली, तेवीस एकीकडे, चार एकीकडे, मध्ये कागदाचा कपटा. डबा मला ठेवायला दिला तेव्हा तिला वाटलं होतं की आता तरी मी बोलेन.

"सोळा दिवस लावलेस, मदर," ती म्हणाली. "मी मोजत होते. दुसरं काम काय आहे मला."

राजीवला कोण सांगणार, हा प्रश्न तिने निकालात काढला. तुझं तू सांग, ती म्हणाली, माझं मी बघेन. आणि डबा त्याच्याकडेच जाईल.

शनिवारी राजीव सव्वादहाला आला. पंचावन्न वर्षांचा आहे, केस पांढरे झालेत, गिरीशसारखाच पुढे वाकून चालतो. त्याने पेट्या गाडीत ठेवल्या, आईची खुर्ची उलटी करून मागच्या सीटवर बसवली. यमुना आतल्या खोल्यांमधून एकदा हात फिरवून यायला गेली. मी त्याला बागेत बोलावलं, सैल फळीपाशी. मला उभं राहून बोलायचं होतं, बसले असते तर वळसे घेतले असते. मी त्याला सांगितलं की त्र्याऐंशी साली ती कार्डं मी कापली, यंत्राने, चांगलं करायच्या भावनेने, आणि तुला मार बसला हे मला दोन दिवसांत कळलं होतं, आणि मी गप्प बसले.

तो फळीकडे बघत राहिला. त्याचं मराठी लहानपणी माझ्याकडे शिकलेलं आहे आणि तिथेच थांबलं आहे.

"मावशी," तो म्हणाला, "ऑनेस्टली, मला वाटायला लागला होता की मीच कापली असेल. आई इतक्या वेळा म्हणाली. मला कात्रीपण आठवायची."

 मी त्याच्या बाहीला हात लावला. त्याने तो काढला नाही, आणि जवळही आला नाही. मग तो म्हणाला की ट्रॅफिक वाढायच्या आत निघायला हवं.

यमुना पुढच्या सीटवर बसली, मांडीवर डबा. त्याने पट्टा लावून दिल्यावर तिने डबा उचलून त्याच्यापुढे धरला. तो तसाच उभा राहिला. तेरा वर्षांचा असल्यापासून त्याने त्याला हात लावला नव्हता.

"धर की," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी. झाकण सैल आहे."

त्याने धरला. गाडीत कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून त्याने स्वतःचं जॅकेट काढलं, त्यात गुंडाळला आणि मागे तिच्या खुर्चीच्या पायांमध्ये ठेवला. यमुनाने काच खाली करून माझ्या दिशेने, थोडं चुकून, दिव्याच्या खांबाकडे हात हलवला. मी तिथे सरकून उभी राहिले.

पिनर ते इल्फर्ड गाडीने सव्वा तास लागतो. तिचं तिने वाटेत सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही. मी फोन करून विचारणार नाही.

शनिवार, २९ मार्च. ऊन, वारा. यमुना अकराला गेली. राजीवला सांगितलं. डबा त्यांच्याबरोबर गेला. तिच्या घराची किल्ली राजीवला दिली. तिच्या फ्रिजमध्ये दोन पाइंट दूध राहिलं होतं, ते आणून दही लावलं.